राजशेखरचा चेहरा

“कान चुकलाय,” मल्लाप्पाअण्णा म्हणाले.

मी हातातली लाकडी पट्टी खाली ठेवली. सकाळपासून मी मातीच्या त्या एका कानावर होतो आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होतो.

“काय चुकलंय?”

“डोक्याला चिकटून बसलाय. डावा कान त्याचा जरा उभा होता. तान्हा असताना आई त्याची त्याच कुशीवर निजवायची, कान दुमडायचा. मी किती येळा बोललो तिला.”

“फोटोत तर तसा दिसत नाही, अण्णा.”

“फोटोवाल्यानं मान वळवून बसवलंय की त्याला. फोटोचं काय घेऊन बसलाय?” आणि मग दाराकडे वळून, “महानंदा, बघ गं. कान उभा होता का न्हाई?”

“हो, मामा,” दारातून आवाज आला.

झालं. बाप आणि बायको दोघांचं एकमत म्हटल्यावर मी काय बोलणार? कान उपटून काढला आणि पुन्हा सुरुवात केली.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. त्र्याहत्तर साल, उन्हाळा तोंडावर आलेला. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागे माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ आपला म्हणायचा. मुळात ती लाकडाची वखार, वर पत्रा, पुढे अंगण आणि अंगणात नळ. मी तेव्हा पस्तिशीतला, मुंबईला शिकून आलेला, आणि हात बरा आहे म्हणून नाव होऊ लागलेला. साम्य साधण्यात आपला हात धरणारा कोणी नाही असं मी स्वतःच सांगत फिरायचो. पुढारी, देणगीदार, संस्थांचे संस्थापक, सगळ्यांचे अर्धपुतळे मी केले होते. पडदा बाजूला झाला की गर्दीतून “आयला, तेच की!” असा आवाज यायला हवा, एवढंच माझं कलेविषयीचं तत्त्वज्ञान होतं. ज्याचा पुतळा करायचा त्याच्याबद्दल मला फारसं काही वाटायचं नाही. वाटत बसलो असतो तर कामं हातावेगळी झाली नसती.

मुरगोळी नगरपालिकेचं काम आलं तेही मी तसंच घेतलं. फ्लाइंग ऑफिसर राजशेखर हेब्बाळे, वय तेवीस. बाँबफेकी विमानात तो नॅव्हिगेटर होता. म्हणजे विमान चालवणारा दुसरा, आणि त्याला वाट सांगणारा, पुढच्या काचेत पोटावर झोपून नेम धरणारा हा. एकाहत्तरच्या युद्धात डिसेंबरातल्या एका रात्री त्यांचं विमान सरहद्दीपलीकडे गेलं आणि परत आलं नाही. पडताना कोणी पाहिलं नाही, सांगाडा कुठे सापडला नाही. घरी तार आली ती ‘बेपत्ता’ म्हणून.

मल्लाप्पाअण्णा त्याचे वडील. मुरगोळीच्या चौकात त्यांचं भुसार मालाचं दुकान. बायको मुलाच्या लहानपणीच गेली, पोराला त्यांनीच वाढवलं. तार आल्यावर त्यांनी वर्षभर वाट बघितली. पाकिस्तानातून आपले कैदी सुटून येणार असं कळलं तेव्हा आयुष्यात बेळगावपलीकडे न गेलेला हा माणूस मुलाचा फोटो बंडीच्या खिशात घालून अमृतसरला गेला. उतरलेल्या प्रत्येकाचं तोंड बघितलं आणि परत आला. त्यानंतर नगराध्यक्ष नलवडे पुतळ्याचा विषय घेऊन घरी गेले, तेव्हा ते हो म्हणाले.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “नलवड्यांस्नी काय पायजे ते त्यांचं त्यांनी बघावं. मला पोरगं एकदा बघायचंय, पांचाळ. जसं होतं तसं. बाकी मला काय नगं.”

मी म्हटलं, तसं हवं असेल तर घरच्या माणसांनी येऊन बसावं लागेल. फोटो एका बाजूचा असतो आणि डोकं चारी बाजूंनी करायचं असतं. त्यावर ते दुकान नोकरावर टाकून रोज सकाळच्या एसटीनं यायला लागले आणि सुनेलाही आणायला लागले. ते माझ्यासमोर खुर्चीत बसायचे. महानंदा दारातल्या पाटावर बसायची, तोंड अंगणाकडे करून. बावीस वर्षांची मुलगी, निपाणीची, कपाळावर बारीक कुंकू. ते अण्णांनी काढू दिलं नाही असं नलवडे मला बाजूला घेऊन सांगून गेले होते. तिच्या मांडीवर डी.एड.चं पुस्तक असायचं, पण पान उलटताना मी तिला कधी पाहिलं नाही. सासऱ्यांनी विचारलं की उठायची, दोन पावलं आत यायची, “हो, मामा” म्हणायची आणि परत जाऊन बसायची. मला वाटायचं, दुःख आहे, आणि जोडीला सासऱ्यांसमोरची मर्यादा. आपल्याला काय करायचंय?

कान जमला तेव्हा नाकाचं निघालं. अण्णांचं म्हणणं, नाक हेब्बाळ्यांचं नव्हतं, आईच्या घरचं होतं. शेंडा गोल पायजे. मी शेंडा गोल केला. फार गोल झाला. कमी केला. मग भोकं लहान वाटायला लागली. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वैतागलो आणि तारेच्या कोरणीनं सबंध नाक मुळापासून उडवलं. चेहऱ्याच्या मधोमध नुसता सपाट चट्टा राहिला.

अण्णा तेव्हा अंगणात नळावर पाय धूत होते. तिथूनच त्यांनी हाक दिली.

“नाक जमलं काय, महानंदा? बघ गं जरा.”

ती उठली. दोन पावलं आत आली, पुतळ्यासमोर उभी राहिली, पदर सारखा केला.

“जमलंय, मामा,” ती म्हणाली. “अगदी तसंच आहे.”

नाक माझ्या हातात होतं.

“बरं झालं,” अण्णा बाहेरून म्हणाले. “मी जरा पेठेत जाऊन येतो. गुळाचा भाव बघतो काय म्हणतोय.” आणि ते निघूनच गेले.

त्यांची चप्पल गल्लीत वाजेनाशी होईपर्यंत मी थांबलो. मग तिच्यासमोर मूठ उघडली.

“वहिनी, नाक हे इथं आहे.”

तिनं माझ्या तळहाताकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाली. पण एवढं होऊनही तिनं मान वर करून पुतळ्याकडे बघितलं नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुम्ही बघतच नाही. इतके दिवस येताय, आणि खालच्या फळीकडं बघून हो म्हणताय.”

“मामांना सांगू नका.”

“ते राहू दे. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी एक अख्खा कान उपटलाय!” मला खरोखर राग आला होता. “घरचं माणूस खरं सांगेल म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आणि तुम्हाला बघायचंच नाही, तर मग येता कशाला?”

“मामा आणतात म्हणून.”

ती पाटावर बसली. मला वाटलं रडेल, आणि रडणाऱ्या बाईसमोर काय करायचं हे मला कधीच कळलेलं नाही. पण ती रडली नाही.

“मी ह्यांना किती बघितलं असेल, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मे महिन्यात लग्न झालं. रजा तीन आठवड्यांची. घर पाहुण्यांनी भरलेलं. आज देवाला जायचं, उद्या ह्यांच्याकडं जेवण, परवा त्यांच्याकडं. मामांसमोर, चुलत सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही. रात्री दिवा घालवलेला. मग हे गेले. दिवाळीला येतो म्हणाले होते. रजा मिळाली नाही.”

“फोटो आहे ना घरात.”

“तेच तर झालं. लग्नाचा फोटो आला आणि मी तो रोज बघायला लागले. विसरू नये म्हणून. आणि आता डोळे मिटले की हे येत नाहीत, फोटो येतो. हलत नाही, बोलत नाही, नुसता समोर बघतो. आधी मला कितीतरी आठवायचं हो. पायरीवर बसून बुटाचे बंद बांधायचे ते. निपाणीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून झोपले होते ते. सगळं त्या फोटोनं खाल्लं.”

ती थांबली. “एक तेवढं राहिलंय. हसणार नाही ना?”

“नाही.”

“मागच्या दारी आंबा आहे आमच्या. दुपारी सगळे निजलेले. ह्यांनी कैरी पाडली, चिरून मीठ लावून माझ्या हातात दिली आणि एक फोड स्वतः तोंडात टाकली. इतकी आंबट! सगळा चेहरा चुरगळला. एक डोळा गच्च मिटलेला, आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होते, मी हसते की नाही ते. बस, तेवढं आहे माझ्याकडं. फोटोत नाही म्हणून वाचलं.”

मी नाकाचा गोळा उगाच बोटांत फिरवत राहिलो.

“तुमचं हे फोटोपेक्षा वाईट आहे,” ती म्हणाली. “फोटो भिंतीवर राहतो, बघितला नाही तर नाही. मामा म्हणतात हुबेहूब होतोय. आणि तो बसवणार आमच्या दुकानासमोर. जूनपासून मला शाळेवर घेणार आहेत. जाताना येताना रोज त्याच्यासमोरून जायचं. किती वर्षं खाली बघून चालू मी? एक दिवस बघणार, आणि मग कैरी खाणारे हे जाणार आणि तुमचा हा राहणार.”

“मी काय करावं म्हणता?”

“थोडा चुकवा ना. दुसऱ्या कुणाचा वाटू दे.”

मला आधी हसू आलं आणि मग पुन्हा राग आला. साम्यासाठी माझ्याकडे लांबून लोक यायचे. पुतळा चुकवून द्या असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

“आणि तुमच्या सासऱ्यांचं काय? त्यांना जसा होता तसा पाहिजे.”

“म्हणून तर त्यांना काही बोलत नाही,” ती म्हणाली आणि अंगणाकडे तोंड करून बसली.

मी काही कबूल केलं नाही. आणि गंमत बघा, त्याच दुपारी नाक साधलं. एका हातात, पहिल्या झटक्यात. अण्णा पेठेतून आले, खुर्चीत बसले आणि त्या नाकाकडे बघत राहिले. महानंदेला विचारलंही नाही.

पुढचे काही दिवस मी झपाटल्यासारखं काम केलं. एकदा ते दोघं परत गेल्यावर मनात आलं, बघावं तरी चुकवून. जबडा जरा रुंद केला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि लगेच काढून टाकला. हाताला ते सोसेना. भुवया उतरल्या, वरचा ओठ उतरला, हनुवटीखालची सावली उतरली. मी ज्याला कधी पाहिलं नव्हतं तो तेवीस वर्षांचा मुलगा त्या मातीतून असा वर आला की सकाळी त्याच्यावरचं ओलं फडकं काढताना मला जरा संकोच वाटायचा. इतका चांगला चेहरा माझ्या हातून आधी झाला नव्हता, आणि नंतरही झाला नाही.

एके दिवशी अण्णा आले, बसले, आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “सांगा, आज काय चुकलंय?”

ते उठून जवळ आले. इतक्या दिवसांत त्यांनी मातीला कधी हात लावला नव्हता. आता त्यांनी अंगठा भुवईवरून फिरवला, कोपऱ्यापर्यंत. मग खुर्ची ओढून पुतळ्याच्या अगदी समोर घेतली आणि बसून राहिले. दुपारपर्यंत बसले. मी हत्यारं धुतली, फडकी पिळली, अंगण झाडलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. “कोपऱ्यावर जाऊन चहा सांगून ये, पोरी. आणि घेऊनच ये. तो हॉटेलवाला ईसरतो.”

ती गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला काय बोलली ती?”

“कधी?”

“नाक न्हवतं त्या दिवशी.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“नळावरनं दिसत होतं की मला. म्हातारा झालोय, आंधळा न्हाई. म्हणून तर तिला ईचारलं. आणि म्हणूनच पेठेत गेलो. मला सांगायची न्हाई ती. परक्याला सांगंल म्हटलं.”

मी सांगितलं. फोटोचं सांगितलं, शाळेच्या वाटेचं सांगितलं, चुकवा म्हणाली तेही सांगितलं. कैरीचं तेवढं नाही सांगितलं. ते तिचं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मला वाटलं, भ्याली असंल. कधीतरी एक दिवस बघंल म्हणून आणत होतो,” ते म्हणाले. “मी ह्याला बघायला धडपडतोय आणि ती ह्याच्यापासनं पळती. आता दोघंच तर हाय आम्ही त्याची.”

“नलवड्यांना सांगून दुसरीकडं बसवायचा का? बागेत वगैरे?”

“गाव केवढं आमचं! कुठं बी बसवला तरी तिच्या वाटेतच येणार.”

मग काही वेळानं त्यांनी विचारलं, “ह्या मातीचं पुढं काय करता?”

मी सांगितलं. वरून प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की साचा उकलायचा, आत अडकलेली माती खरवडून काढायची. साच्यात उतरलेलं असतं ते पुढे धातूत ओततात. माती टबात टाकून पुन्हा तुडवायची, पुढच्या कामाला घ्यायची.

“म्हंजे हा मोडणार.”

“मोडणारच.”

“पुढलं काम कुणाचं हाय?”

“एका साखर कारखान्याच्या चेअरमनचं.”

अण्णा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग हसू गेलं आणि ते पुन्हा पुतळ्याकडे बघायला लागले.

“विमानात तोंडावर काय घालतात, पांचाळ?”

“डोक्यावर टोप असतो. डोळ्यांवर काळी काच ओढता येते. आणि नाकातोंडावर श्वासाचा मुखवटा.”

“सगळं झाकतं?”

“सगळं.”

“मग तसा करा. विमानात तो असाच बसायचा म्हणून सांगू गावाला. खोटं न्हाई ते.”

मी हादरलोच. “अण्णा, असा चेहरा पुन्हा होणार नाही माझ्याकडून! तुम्हालाच तर बघायचा होता!”

“बघितला की,” ते म्हणाले. “सकाळधरनं दुसरं काय केलंय? जसा होता तसा बघितला. पोटभर. तुमचं उपकार हायत.”

“मग तो झाकायचा कशाला? तिच्यासाठी?”

“तिच्यासाठी. आन माझ्यासाठी बी.” त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात घट्ट धरला. “आमच्यात जाळत न्हाईत. आम्ही लिंगायत. माणसाला बसवायचं आन माती द्यायची. घरच्यांनी आधी, मग जमलेल्या सगळ्यांनी. ह्याला न्हाई मिळाली. कुठं पडला, कुणी मूठभर घातली का न्हाई, का तसाच वाळवंटात पडला, काय ठावं न्हाई. अमृतसरहून आल्यापास्नं रातीला मला एवढंच दिसतं. उघडा पडलाय. पोरगं उघडं पडलंय माझं.”

त्यांनी पुतळ्याकडे हात केला. “हितं बसलाय की आता समोर.”

मी मातीच्या टबावरचं पोतं बाजूला केलं.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. मी पुण्याला हवाई दलाच्या तळावर जाऊन टोप आणि मुखवटा नीट बघून आलो आणि बारकाव्यानिशी केला. मुरगोळीत पडदा बाजूला झाला तेव्हा “तेच की!” असं कोणी म्हटलं नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नलवडे व्यासपीठावरच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “चेहऱ्यासाठी तुम्हाला आणलं आणि तुम्ही चेहराच खाल्लात होय!” त्यांचं पुढं काही चाललं नाही, कारण बाप शेजारी उभा राहून म्हणत होता, हाच माझा मुलगा. त्या बाजूचं काम मला पुन्हा मिळालं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी अण्णांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. चपला दाराबाहेर सोडल्या. नळावर हातपाय धुतले आणि तसेच ओल्या पायांनी आत आले. स्वतःच्या कपाळावरचं भस्म त्यांनी तीन बोटांनी पुसून घेतलं आणि त्या मातीच्या कपाळावर ओढलं. मग टबात दोन्ही हात घालून माती उचलली.

पहिली मूठ त्यांनी कपाळावर दिली. मग डोळ्यांवर, एका डोळ्यावर आणि मग दुसऱ्या. निजलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसं हळू चाललं होतं. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. नाकावर माती देताना त्यांचा हात जरा थांबला.

दारात महानंदा उभी होती. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पेले. तिला काय चाललंय ते सासऱ्यांच्या पाठीमुळे दिसत नसावं.

“किटली ठेव आन हात धुऊन ये,” अण्णा तिच्याकडे न वळता म्हणाले. “शेखरला माती द्यायची हाय.”

पेले खाली ठेवताना वाजले. ती नळावर गेली, हात धुतले, आत आली, खाली बघत.

“वर बघ,” अण्णा म्हणाले.

“मामा, मला नाही...”

“बघ. दिसत न्हाई तो आता. मी झाकलंय त्याला.”

तिनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पुतळ्याकडे बघितलं. जिथं चेहरा होता तिथं बोटांचे ठसे उठलेली ओली माती होती. ती बघत राहिली. मग तिनं सासऱ्यांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं होतं हे तिला तिथं उभ्या उभ्या समजलं असावं, कारण तिनं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग टबातून माती घेतली आणि दोन्ही हातांनी गालाच्या जागी दिली. आणि मग ती रडली. मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल अशी. दीड वर्षाचं रडणं होतं ते. अण्णांनी तिला उगी म्हटलं नाही. नुसता तिच्या डोक्यावर कोपर टेकवून उभे राहिले, कारण हात मातीनं भरलेले होते.

मी मागे भिंतीशी सरकलो होतो. घरच्यांचं आहे, आपण मध्ये नको, असं मला वाटत होतं.

“तुम्ही बी द्या, पांचाळ,” अण्णा म्हणाले.

“मी कशाला, अण्णा? मी तर त्याला कधी बघितलंसुद्धा नाही.”

“आता बघितलासा की. या.”

मी पुढे गेलो. हनुवटीची एक बाजू अजून उघडी होती. मी टबातून मूठभर माती घेतली, तिथे ठेवली आणि अंगठ्यानं दाबून नीट बसवली.